दहापैकी तीन

पुस्तक कितीही जाडजूड असो, त्याचे मुख्य सूत्र एका ओळीत सांगून मोकळे व्हायचे, अशी सरांची ख्याती होती. संध्याकाळच्या कॉलेजात, दिवसभर नोकरी करून दमूनभागून आलेल्या मोठ्या माणसांना साहित्य शिकवण्यात त्यांची एकतीस वर्षे गेली. समोर कोणी शिंपी, कोणी नर्स, कोणी टपाल वाटणारा. सगळ्यांना वेळ कमी आणि झोप फार. अशांना सरांच्या एका ओळीचा मोठाच आधार वाटे. "हे पुस्तक मत्सराचं." "हे बापलेकाच्या अबोल्याचं." सरांनी ओळ उच्चारली की वर्गभर पेने सरसावायची आणि ती जशीच्या तशी वह्यांत उतरायची. विद्यार्थ्यांनी त्यांचे नाव सूत्रधार ठेवले होते. सरांना ते ठाऊक होते. वरवर ते रागवायचे, पण आतून त्यांना ते आवडायचे.

खरे सांगायचे तर पहिली दहा-बारा वर्षे ती ओळ पुस्तक वाचून येत असे. पुढे पुढे ती पुस्तकाआधीच यायला लागली. शे-सव्वाशे पाने आणि मलपृष्ठावरचा मजकूर एवढ्या भांडवलावर सरांचे दुकान झकास चालायचे. एरवी हा माणूस पाट्या टाकणारा मुळीच नव्हता. कधी वर्गाला उशीर नाही, कधी रजा नाही, वहीतला शब्द न् शब्द तपासणार. फक्त वाचनाच्या बाबतीत त्यांनी हळूहळू अंग काढून घेतले होते, आणि ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. लक्षात कोण आणून देणार? ज्यांनी पुस्तक वाचायचे, तेच सरांची ओळ पाठ करत होते.

निवृत्तीनंतरही परीक्षा मंडळाने त्यांना सोडले नव्हते. दरवर्षी तिथून एक सीलबंद पाकीट घरी यायचे. प्रश्नपत्रिका दुसऱ्याच कोणीतरी काढलेली असे, सरांनी तिची नमुना उत्तरे लिहून द्यायची. परीक्षक शंभर असोत की दोनशे, सगळ्यांनी गुण द्यायचे ते त्या नमुन्यावर बोट ठेवून. सर म्हणायचे, "प्रत्येक परीक्षकाने आपापलं डोकं चालवलं, तर एकाच उत्तराला एक जण दोन देईल आणि दुसरा नऊ. डोकं एकाचंच हवं." ते एक डोके आपले आहे याचा त्यांना केवढा अभिमान होता.

त्या वर्षी अभ्यासक्रमात एक राजकीय रहस्यकादंबरी लागली. चांगली तीनशे ऐंशी पानांची. एका देशाचा प्रमुख नव्या पुलाच्या उद्घाटनाला जातो, गाड्यांचा ताफा पुलावर येतो आणि पूल कोसळतो. संशय जातो प्रमुखाच्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेल्या मंत्र्यावर, आणि एक पत्रकार बाई जिवावर उदार होऊन पुरावे गोळा करू लागते. सरांनी नाक मुरडले. असल्या पळापळीच्या गोष्टींना ते साहित्यात धरतच नसत. पान एकशे बेचाळीसवर त्यांनी खूण घातली आणि पुस्तक मिटले. त्या आठवड्यात घरात आजारपण होते किंवा पाहुणे होते असेही नाही. कंटाळा आला, एवढेच.

मलपृष्ठावर छापले होते, 'सत्तेच्या हव्यासाची श्वास रोखून धरायला लावणारी कहाणी.' आणि प्रश्न होता, 'या कादंबरीचे मुख्य सूत्र सोदाहरण स्पष्ट करा. गुण दहा.' सरांनी लिहिले, मुख्य सूत्र: सत्तेचा हव्यास आणि त्याची किंमत. खाली चार मुद्दे. मग कोणी सांगितले नव्हते, मागितले नव्हते, तरी स्वतःच्या मनाने आणखी एक ओळ घातली: 'अन्य सूत्र मांडल्यास दहापैकी तीनहून अधिक गुण देऊ नयेत.' उगाच वाद नकोत, काम कसे नीटनेटके हवे, म्हणून. पाकिटात मंडळाचे अकरा छापील कागदही होते, दरवर्षीचेच. समोरचा चहा निवायच्या आत सरांनी अकरा सह्या ठोकल्या आणि पाकीट बंद केले.

त्याच घरात त्यांची सून त्याच परीक्षेची तयारी करत होती.

सून सार्वजनिक ग्रंथालयात सहा वर्षे हंगामी मदतनीस होती. पुस्तके देणे-घेणे, निसटलेली पाने चिकटवणे, वाचकांची बोलणी खाणे, सगळे तिच्याकडे. नवरा लिफ्ट बसवायच्या कामावर बाहेरगावी, महिन्यातून दोन दिवस घरी. अडलेली पदवी पुरी करायला तिने घेतली ती नोकरीसाठीच. ग्रंथालयात एक कायम जागा निघाली होती आणि अट होती की यंदाच्या निकालात पदवी मिळायला हवी. बाकीचे सगळे विषय सुटले होते. राहिला होता हा एकच पेपर.

परीक्षेच्या आठवडाभर आधी, सुट्टीच्या दुपारी, ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तक उघडून बसली होती. सर पाणी प्यायला आत आले.

"बाबा, एक विचारू? हे पुस्तक सत्तेच्या हावेबद्दल आहे असं सगळे म्हणतात. मला नाही तसं वाटत. मला वाटतं, हे न बघता केलेल्या सह्यांबद्दल आहे. बरोबर आहे का माझं?"

सरांनी पेला खाली ठेवला. पोरगी भलत्याच वाटेला लागली होती. पण नमुना लिहिणाऱ्याने तोंड उघडायचे नसते. त्यांनी गुळमुळीत उत्तर दिले, "तुला जे वाटतं ते पुराव्यासकट लिही. परीक्षक तुझं मत बघत नाही, मांडणी बघतो."

"नक्की ना?"

"नक्की."

एवढे बोलून ते बाहेर आले आणि खुर्चीत बसले. वाईट वाटत होतेच, पण त्याहून जास्त त्यांना स्वतःचे कौतुक वाटत होते. घरच्या सुनेलासुद्धा फोडले नाही! याला म्हणतात सचोटी. त्या दुपारी सर स्वतःवर फार खूश होते, आणि पुढे त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली ती याच खुशीची.

निकाल लागला. पास व्हायला चाळीस हवे होते, सुनेला सदतीस मिळाले. ती रडली नाही. अर्ज करून तिने उत्तरपत्रिकेची प्रत मागवली आणि एके दिवशी ती सरांपुढे ठेवली. "बाबा, माझं कुठं चुकलं तेवढं दाखवा. म्हणजे पुढच्या वेळी तरी नीट लिहीन."

चार पाने भरून उत्तर होते. समासात लाल शाईने तीन, आणि शेजारी शेरा: 'मुख्य सूत्र चुकले.' सर वाचू लागले. सुनेने पानांच्या आकड्यांसकट दाखले दिले होते: पान दोनशे अठ्ठ्याऐंशी, पान तीनशे सात, पान तीनशे एकेचाळीस. सरांना त्या पानांवर काय आहे ते माहीतच नव्हते. त्यांनी प्रत घडी घालून ठेवली. "निवांत बघतो," म्हणाले. सून मान डोलावून कामाला गेली, आणि सरांनी कपाटातून कादंबरी काढली. खूण अजून एकशे बेचाळीसवरच होती.

पुढचे दोन दिवस सर जागचे हलले नाहीत. जेवायला बसले तरी पुस्तक ताटाशेजारी. "एवढं काय आहे त्यात?" बायकोने विचारले. त्यांनी पान उलटले.

त्या मंत्र्याने काही केलेच नव्हते. खुर्ची त्याला हवी होती, लबाडही होता, पण पुलाशी त्याचा संबंध नव्हता. पूल कच्चा असल्याचा अहवाल एका अभियंत्याने सहा महिने आधीच दिला होता. तो अहवाल सतरा टेबलांवरून फिरला. प्रत्येक टेबलावर कोणीतरी 'पाहिले' असे लिहून खाली सही केली आणि कागद पुढे सरकवला. वाचला कोणीच नाही. पत्रकार बाई खुनी शोधत सतराव्या टेबलापर्यंत पोचते, तेव्हा तिथला म्हातारा कारकून तिला चहा विचारतो आणि म्हणतो, मी तर फक्त शिक्का मारला. ती पुन्हा पहिल्या टेबलाकडे वळून बघते, आणि तिला सतरा साधी, कुटुंबवत्सल, वेळेवर कामाला येणारी माणसे दिसतात. कादंबरी तिथे संपते.

सरांनी पुस्तक मिटले. तोंडात मारल्यासारखे झाले. सुनेचे उत्तर त्यांनी पुन्हा वाचले. तिने शेवटी लिहिले होते, 'या कादंबरीत खलनायक नाही, हेच तिचे सूत्र आहे. सगळे जण आपापले काम केल्यासारखे करतात आणि त्यातून माणसे मरतात.' एकतीस वर्षांच्या नोकरीत एवढे नेमके वाक्य त्यांना एकाही विद्यार्थ्याच्या वहीत सापडले नव्हते. कसे सापडणार? सगळ्यांच्या वहीत त्यांचेच वाक्य होते. तो शिंपी, ती नर्स, तो टपालवाला. कोणाकोणाला त्यांनी न वाचता काय काय लिहून दिले असेल? मन खाऊ लागले ते थांबेना.

पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःची समजूत घातली की सहा महिन्यांनी परीक्षा पुन्हा आहेच. दुसऱ्या दिवशी आठवले, ग्रंथालयाची जागा सहा महिने थांबणार नाही. तिसऱ्या दिवशी वाटले, आता बोललो तर एकतीस वर्षांच्या नावाला बट्टा लागेल. चौथ्या दिवशी सून ग्रंथालयातून आली, हातपाय धुऊन टेबलाशी बसली, आणि सहज म्हणाली, "बाबा, बघितलंत का माझं उत्तर?" तिच्या आवाजात राग असता तर बरे झाले असते. तिला अजूनही वाटत होते की चूक तिचीच आहे.

"तुझं काही चुकलं नाही," सर म्हणाले. "चूक माझी आहे. नमुना उत्तर मी लिहिलं होतं. आणि ते पुस्तक मी वाचलं नव्हतं."

बायको भाजी निवडत होती, तिचा हात थांबला. सुनेने दोनदा विचारले, "तुम्ही वाचलं नव्हतं?" सर हो म्हणाले. मग सुनेच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड आला, आणि सरांना तो रागापेक्षा जड गेला.

"मग दुरुस्त करता येईल? म्हणजे मी पास होईन?"

"होशील. उद्याच जातो मंडळात."

"जागेची मुदत या महिनाअखेरपर्यंत आहे, बाबा."

"होशील म्हटलं ना."

मंडळाच्या कचेरीत उपसचिव बाईंनी सरांचे सगळे शांतपणे ऐकून घेतले. टेबलावर फायलींचा ढीग, खिडकीत वाळलेली कुंडी, भिंतीवर मागच्या वर्षीचे कॅलेंडर. "सर, नमुन्यात चूक झाली म्हणून कोणी आपणहून आलेलं मला तरी आठवत नाही," बाई म्हणाल्या. "दुरुस्ती होईल. चारशेच्या वर मुलांना त्या तीन गुणांच्या अटीचा फटका बसलाय. तुमचा अर्ज, नवा नमुना आणि हे कागद. खुणा केल्यात तिथे सह्या करा, दरवर्षीचंच आहे."

सरांनी पेन काढले. मग खिशातून चष्मा काढला आणि पहिल्यापासून वाचायला लागले. बाईंनी घड्याळाकडे पाहिले. तिसऱ्या कागदावर कलम होते: माझा कोणीही निकटचा नातेवाईक या परीक्षेस बसलेला नाही. खाली बारीक अक्षरात: असल्यास, त्या उमेदवाराची त्या विषयाची उत्तरपत्रिका रद्द समजली जाईल.

"हे मागच्या वेळीही होतं?"

बाईंनी फाइल उघडून त्यांच्यापुढे सरकवली. "होतं की. ही तुमची सही."

निळ्या शाईतली, झोकदार, खाली रेघ ओढलेली सही. सर तिच्याकडे बघत राहिले. आता खोटी सही केली तर सून पास होणार होती. तिला जागा मिळणार होती, तीही स्वतःच्या हिमतीवर, कारण उत्तर तर तिचेच होते आणि बरोबरच होते. या कागदाकडे परत कोण बघणार होते? आजवर कोणी बघितले होते? नेमका हाच विचार त्या सतरा जणांनी केला होता, आणि सर ते चार-पाच दिवसांपूर्वीच वाचून बसले होते. पुस्तक वाचलेच नसते तर त्यांनी बिनदिक्कत सही ठोकली असती, आणि सुनेचे भले झाले असते.

मधेच फोन आला म्हणून बाहेर गेलेल्या बाई परत आल्या तरी सर बसलेलेच. "काही अडचण?"

"नाही." त्यांनी 'नाही' हा छापील शब्द खोडला, वर 'आहे' लिहिले, आणि शेजारी: सून.

बाईंनी वाचले आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले. "सर, तिचा पेपर जाईल."

"माहीत आहे."

"तिला माहीत आहे?"

सरांनी पुढचा कागद ओढला आणि वाचू लागले.

घरी येऊन त्यांनी सगळे सांगितले, काही न लपवता. बायकोने ऐकून घेतले आणि म्हणाली, "अहो, तुमचं मन हलकं झालं. तिच्या पदरात काय पडलं?" सर म्हणाले, मन हलके झालेले नाही. बायको म्हणाली, "मग एवढं करून मिळवलंत काय?" सून भिंतीला टेकून उभी होती. "काल तुम्ही म्हणालात, होशील पास."

"म्हणालो होतो."

"मला विचारायचं तरी होतं, बाबा. मी नाही म्हटलं नसतं बहुतेक. पण विचारायचं होतं."

ती आत गेली आणि टेबलावरची वह्या-पुस्तके आवरू लागली. सर दारात उभे राहून बघत होते. माफी मागावी असे त्यांना शंभरदा वाटले, पण कशाकशाची मागायची? न वाचल्याची, की सांगितल्याची, की सांगायच्या आधी तिला न विचारल्याची? तिच्यासाठी नमुना न फोडणारा तो सचोटीचा माणूस आणि आज तिचाच पेपर रद्द करून आलेला हा सचोटीचा माणूस, दोघेही त्यांना सारखेच असह्य झाले होते. दोन्ही वेळा खरेपणा यांचा आणि भुर्दंड तिला.

चारशे अकरा उत्तरपत्रिका पुन्हा तपासल्या गेल्या. अडुसष्ट जण नव्याने पास झाले. मंडळाने सरांचे नाव नमुना लिहिणाऱ्यांच्या यादीतून काढले. लोक रस्त्यात भेटून पाठ थोपटत. "सर, तुम्ही होता म्हणून." सर मान खाली घालून पुढे जात. घरात तोंड दाखवायला जागा नसलेल्या माणसाने पाठ कशी थोपटून घ्यायची?

ग्रंथालयातली कायम जागा त्या अडुसष्टांतल्याच एका मुलीला मिळाली. सुनेची हंगामी मुदत पुढच्या महिनाअखेरीला संपत होती, आणि जाण्याआधी नव्या मुलीला काम शिकवून जा, असे तिला सांगण्यात आले. तीन आठवडे तिने शिकवले. कुठले कपाट ओलसर आहे, कुठला वाचक पाने दुमडतो, फाटलेल्या पुस्तकाला गोंद किती लावायचा, सगळे. ती संध्याकाळी घरी यायची, जेवण करायची, सरांना वेळेवर औषध द्यायची. बोलण्यात काही कमी नव्हते. फक्त पुस्तकाबद्दल तिने त्यांना परत कधी काही विचारले नाही.

शेवटच्या दिवशी ती जरा लवकर आली. हातातल्या पिशवीत तिचा कप आणि कात्री होती. सर बाहेरच्या खोलीत बसले होते. काहीतरी बोलायचे म्हणून त्यांनी विचारले, "कशी आहे ती नवी?"

"चांगली आहे. हुशार आहे. पुस्तकं खरोखर वाचते." सुनेने चपला काढून बाजूला ठेवल्या. "आज निघताना तिने मला तिची उत्तरपत्रिका दाखवली. तिनेही तेच लिहिलं होतं, बाबा. जवळजवळ माझ्याच शब्दांत. आधी तीन मिळाले होते."

"आणि आता?" सरांनी विचारले.

"नऊ," ती म्हणाली, आणि पिशवी घेऊन आत गेली.